भीमराजची चौथी भिंत

पिंपरी, मे १९७४

तीर्थरूप अक्कास,

धाकट्या साहेबरावचा सविनय जय भीम. तुझी कंबर आता कशी आहे? दाजींचा खोकला थांबला असेल. इकडे सगळे खुशाल, आणि कस्तुराचं जमत आलेलं लग्न मोडलं. घाबरू नकोस, मला कधी नव्हे इतकं हायसं वाटतंय.

झालं असं, दिघीचे उद्धवराव मुलाला घेऊन पोरगी बघायला येणार, म्हणून मी बाहेरची खोली रंगवायला काढली आणि (घरचा पेंटर असताना परका कशाला, या अकलेनं) तुझ्या भीमराजला बोलावलं. दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस, चार भिंती हां हां म्हणता उरकेल असं वाटलं. पण अक्का, तुझं पोर रंग नुसता कालवत नाही, सुरात लावतं. चुन्यात नीळ टाकली की हा पेटीची पट्टी दाबून धरणार (पेटी आळीतल्या भीमगीतांच्या पार्टीची, ती माणसं अजून शोधतायत), आणि कस्तुरानं तोच सूर लावायचा. सूर नि रंग जुळला तर भिंतीला, नाहीतर परत नीळ. मी शिफ्टवरून यावं तर ही दोघं भिंतीपुढं आ करून उभी. एक भिंत खर्जातली, दुसरी मधली, तिसरी वरची. चौथीचा सूर सापडेना, म्हणून ती कोरीच.

पाहुणे आले तरी हा शिडीवर. पोहे झाले आणि उद्धवरावांनी रिवाजाप्रमाणं विचारलं, गाणं येतं का. कस्तुरानं सूर लावला, तिसऱ्या भिंतीकडं बघितलं आणि थांबली. म्हणाली, "भीमा, खिडकीपाशी सूर उतरलाय रे." हा वरून म्हणतो, "मलाबी सकाळपासनं तेच वाटतंय." मग दोघांचं जे सुरू झालं, त्यात नवऱ्या मुलाचा चहा गार झाला. उद्धवराव उठले. म्हणाले, आमच्याकडं सुना गुणगुणत नाहीत. मी विनवणीला पुढं झालो, तेवढ्यात कस्तुराकडं लक्ष गेलं. आधीच्या पाहुण्यांपुढं मान खाली घालून बसलेली माझी पोर हसत होती. मग मी हात जोडले ते निरोपाचेच.

तुझा,
साहेबराव

ता. क. मामाची मुलगी मागायचा हक्क तुझा आहे. माग की. मी तयार, तिची आई तयार, आणि कस्तुरा तर मलाच विचारते, आत्याला पत्र टाकलं का.

आणखी ता. क. फक्त चौथी भिंत पुरी होईस्तोवर मागणी घालू नकोस. भाच्याला दम देता येतो, जावयाला कोण बोलणार?