गुडघे वगळून केलेली प्रार्थना

बेंगळूर,
ता. १२ ऑगस्ट १९६२

आदरणीय कस्तुराअक्का,

सप्रेम सलाम. तुझा दमा कसा आहे? मिरजेला पाऊस लागला की तो डोकं वर काढतो, म्हणून आधी तेच विचारतो. दाजींना सलाम. इकडे आम्ही बरे आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं काय झालं ते पुढे सांगतो.

आमची मराठी ख्रिस्ती मंडळी इथं दहा-बारा घरांची. दर रविवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थना असते. माझी प्रार्थना तुला ठाऊकच आहे. ‘हे प्रभू’ म्हणून झालं की मी थेट कामाला लागतो: मुलाची बदली, माझे गुडघे, गल्लीतला नळ. (नळाचं अकरा महिने मागितलं. पाणी आलं, पण शेजारच्या गल्लीत.) नवे पाळक पद्माकर वयानं लहान, पण त्यांनी हे बरोबर टिपलं. म्हणाले, महिनाभर काही मागायचं नाही, नुसती देवाची स्तुती करायची, आणि सुरुवात तुम्ही करा, आप्पाजी. अक्का, मी तीस वर्षं कारखान्यात काढली. साहेबाची स्तुती करणारे माझ्यासमोर फोरमन झाले आणि मी लेथवरच म्हातारा झालो. आता एकदम देवाची सुरू केली तर त्याला माझा संशय नाही का येणार? तरी उभा राहिलो. तू थोर आहेस, महान आहेस, फार मोठा आहेस, असं एकच तीनदा म्हटलं, आणि पुढचं सुचेना तेव्हा सवयीनं ‘म्हणून माझे गुडघे’ असं तोंडातून गेलं. पाळक खोकले. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. त्यात तुझी भावजय सोयरा सर्वांत पुढे.

पाळकांनी नंतर बाजूला घेऊन सांगितलं, मोठे शब्द शोधू नका. जे पाहिलंत, आवडलं, ते तसंच सांगा. म्हटलं, घरीच सराव करावा. सोमवारी उप्पीट खाताना सोयराला म्हणालो, छान झालंय. तिनं झारा खाली ठेवला, माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि शेजारच्या गंगव्वांना हाक मारली. त्या जिऱ्याचा कषाय, म्हणजे आपला काढा, घेऊन आल्या आणि ‘स्वल्प कुडीरी’, थोडं प्या, म्हणत समोरच बसल्या. सगळा प्यालो तेव्हाच उठल्या. (एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा जेवणाला नाव ठेवलं नाही, त्याचं हे फळ.)

त्याच गुरुवारी सोयराच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. तुला आधी कळवलं नाही, रागावू नकोस. पाळकांची आनेकलहून येणारी बस चुकली, तेव्हा प्रार्थना माझ्यावर आली. काय काय मागायचं ते कागदावर लिहूनच नेलं होतं. सोयरा हॉस्पिटलच्या झग्यात खाटेवर बसली होती, शाळकरी पोरीसारख्या दोन वेण्या घालून, माझ्या आवाजाकडे डोळे लावून. कागद खिशातच राहिला. मी म्हणालो, “प्रभू, हे डोळे तू केलेस. एक्केचाळीस वर्षं ते माझ्याकडे बघताहेत आणि अजून कंटाळले नाहीत. असे डोळे करणारा दुसरा कोण आहे?” आमेन म्हटलं, आणि तिला आत नेलं.

बाकावर बसल्यावर ध्यानात आलं की ऑपरेशन नीट होऊ दे, एवढं मागायचंच राहिलं. दारापर्यंत गेलो; नर्सबाईंनी परत आणून बसवलं. मग मनात एकच घोळत राहिलं, की डोळा म्हणजे केवढीशी वस्तू, आणि काय काम केलंय देवानं. मी लेथवर केसाएवढं माप साधणारा माणूस. चांगलं काम दिसलं की मला कळतं. अक्का, त्या तासाभरात मी काही मागितलं नाही, आणि मला भीतीही वाटली नाही.

पाचव्या दिवशी पट्टी सोडली. चष्मा मिळेपर्यंत सगळं धुकटच दिसणार, पण कोपऱ्यात तोंड पाडून उभे आहेत ते आमचेच, असं तिनं नर्सबाईंना सांगितलं. घरी येताना मी कबूल केलं, की मागायचं विसरलो. ती म्हणाली, “मागायचं ते मी आदल्या दिवशीच मागून ठेवलं होतं. तुम्ही बोललात, तेवढ्यावर मी आत शांत पडून राहिले.”

तुझा भाऊ,
आप्पाजी

ता. क. सोयराला दीड महिना चुलीपुढे जायची मनाई आहे. स्वयंपाक मी करतो. ती काही बोलत नाही, फक्त जेवणाआधीची प्रार्थना लांबवते.

आणखी ता. क. हे पत्र तिला वाचून दाखवलं. म्हणाली, अक्कांना लिहिलंत आणि अक्कांबद्दल चांगला शब्द एकही नाही. तर अक्का, आई गेली तेव्हा मी चारचा होतो. तू मला कडेवर घेऊन शाळेत जायचीस. बाईंनी दोघांनाही वर्गाबाहेर काढलं, तरी तू मला खाली ठेवलं नाहीस. अशी बहीण मी दुसरी पाहिली नाही. हे फार पूर्वी सांगायला हवं होतं. यात मागणं काही नाही. फक्त मिरजेकडची गाडी इथं सकाळी पोचते, आणि येत्या शनिवारपासून मी रोज फलाटावर असेन.