बटणांच्या डब्यातला मॅग्नोलिया

ती. ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (एकाच हाताने, दुसऱ्या मनगटाला पट्टी आहे, ते पुढे येईलच). गुडघे कसे आहेत? बीपी? आणि कुरकुरणारं ते स्वयंपाकघराचं दार? आम्ही इकडे ठीक आहोत. तुझी भावजय तर मजेत आहे, कारण गेले दोन महिने मला बोलायला तिला नवा विषय मिळाला आहे. फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण फोनवर मुद्द्याची गोष्ट निघाली की नेमकं तुझं दूध उतू जातं.

मुद्दा झाडाचा आहे. भाऊजी गेल्यापासून तू घराबाहेर पडली नाहीस. चार दिवस इकडे ये म्हणून मी हात धुऊन मागे लागलो, तेव्हा तू विचारलंस, तुझ्याकडे बघायला आहे काय? मी म्हणालो, मॅग्नोलिया लावतो. (लहानपणी डॉक्टरांच्या फाटकापाशी तसलं झाड होतं आणि त्याचा वास घ्यायला तू मला कडेवर उचलायचीस. हे तू विसरली असशील असं मला वाटत नाही.) त्यावर तू म्हणालीस, "फूल आलं की येईन." मला टाळायला म्हणालीस, एवढं मलाही कळतं. पण शब्द तो शब्द.

दुसऱ्याच दिवशी गळ्यात टेप अडकवून नर्सरीत गेलो. चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस झाड घ्यायला गेला तरी आधी मापच बघणार. आमचं अंगण स्वयंपाकघराच्या भिंतीपासून कपड्यांच्या दोरीपर्यंत अकरा फूट. नर्सरीवाल्या बाईंनी पहिलं झाड दाखवलं ते वाढून चाळीस फुटांवर जाणारं. नंतर कपड्यासारखं आत घेता येईल का, असं मी विचारलं. (बाईंनी माझ्याकडे कसं पाहिलं, ते अजून आठवतं.) तुझ्या भावजयीला गुलाबी फूल हवं होतं, मला लहान माप. शेवटी बाईंनी चांदणीसारख्या फुलांचं एक ठेंगणं रोप काढलं: वाढून वाढून आठ-दहा फूट, कळी आतून गुलाबी, उमलली की पांढरी. घरात शांतता राहिली. भिंतीपासून सहा फूट सोडा, मुळं वरवर असतात तेव्हा बुंध्याशी उकरत बसू नका, पाणी द्या आणि त्याला त्याचं काम करू द्या, असं बाईंनी बजावलं. मी मान डोलावली आणि भिंतीपासून दोन फुटांवर लावलं, कारण दोरी हलवायला तुझी भावजय तयार नव्हती.

झाडाने जीव धरला. पहिल्या हिवाळ्यात पानं गळाली आणि फांद्यांच्या टोकांना करड्या, लवदार गाठी दिसू लागल्या. अगदी मखमल. मी ताबडतोब ओळखलं, हे अळ्यांचे कोष. (कुणाला विचारलं नाही. लोकरी कोटातली कसर नुसत्या बोटाने ओळखणाऱ्याने विचारायचं कुणाला?) कात्री घेतली, एकूण एक कापले आणि पुरावा म्हणून बटणांच्या डब्यात ठेवले. वसंतात फूल नाही. दुसऱ्या हिवाळ्यात कीड वाढली, मग मीही जास्त चिकाटीने कापली. फूल नाही. झाडाला बोललो, मनातल्या मनात बाईंना बोललो, आणि तुला फोनवर सांगितलं की यंदा हवाच वाईट होती. तू "असू दे रे" म्हणालीस. तुझ्या आवाजात इतकी सुटका होती की मला ती फार लागली.

या हिवाळ्यात सगळे कोष उतरवले, एक सोडून. झाड भिंतीला खेटल्यामुळे एक फांदी पावसाच्या पाण्याच्या पाइपामागे घुसली आहे, तिथे तो बसला होता. स्टुलावर चढलो, कात्री पोचेना, आणखी वाकलो, आणि स्टूल एकीकडे, मी एकीकडे. मनगट मुरगळलं. मग मात्र माझं डोकं फिरलं. डबा काखेत मारून थेट नर्सरी गाठली आणि चार गिऱ्हाइकांदेखत तो टेबलावर उपडा केला. किडकं झाड गळ्यात मारलंत, असंही बोलून गेलो. बाईंनी शांतपणे चष्मा लावला, त्यातला एक ताजा कोष उचलला आणि नखाने सोलला. आत गुलाबी पाकळ्या होत्या, एकीवर एक, अशा नेटक्या घडीत की जन्मभर घड्या घालूनही मला तशी जमली नसती.

"काका," बाई म्हणाल्या, "तुम्ही तीन वर्षं फुलंच कापताय."

डबा परत भरला आणि मागच्या गल्लीने घरी आलो. तुझ्या भावजयीने कात्री कुलपात ठेवली आहे. आता दोरा तोडायचा तरी अर्ज करावा लागतो.

तर ताई, उशीर झाडाने केला नाही, एवढंच कळवायचं होतं. ते दर वर्षी तुला बोलवायला तयार होतं, मीच मधे तडमडलो. तू ये, असं मी मुळीच म्हणत नाही. गुडघ्यांना तेल लाव.

तुझा धाकटा
(वय वर्षं अडुसष्ट)

ता. क. एक सांगायचं राहिलं. पाइपामागची ती कळी काल उमलली. एकच आहे, आणि बघायला पाइपाला गाल टेकवावा लागतो. पण फूल आहे. तुझी भावजय साक्षीला आहे.

ता. क. २. बाई म्हणतात, फूल चार-पाच दिवस टिकेल. पत्र पोचायला तीन लागतील. तेव्हा वाचून झालं की विचार करत बसू नकोस, पिशवी भर.

ता. क. ३. पाकीट चिकटवणार तोच वारा सुटला. फूल गेलं. पाकळ्या वेचून सोबत घातल्या आहेत, तुझ्या हाती पडेपर्यंत तपकिरी होतील. पण ताई, तुझी अट फूल येण्याची होती. त्याने तुझी वाट बघत थांबायचं, असं काही ठरलं नव्हतं. गाडीची वेळ कळव, मी घ्यायला येतो.