उजव्या कानाचा निकाल

३ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आमच्या ‘खडखडाट’ या रॅप-जोडीचे चारही अल्बम प्लेअरमध्ये भरून पाठवतोय, सोबत माझा जुना हेडफोन. भीडभाड न ठेवता नंबर लाव. आई म्हणते सगळेच छान आहेत, म्हणजे तिने एकही ऐकलेला नाही.

माझा जोडीदार दाढी, त्याच्याशी माझं बोलणं वर्षभर बंद आहे. रेकॉर्ड कंपनी मला एकट्याला घ्यायला तयार आहे, पण तीस तारखेला करारावर सही हवी. मी त्याच्याशिवाय पुरतो का, एवढंच मला कळायला हवंय. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तू तीस वर्षं लोकांचे आवाज ऐकलेस, तुला कोण फसवणार?

हव्या तेवढ्या शिव्या दे, लोभ तेवढा राहू दे.

तुझा,
भोंगा

११ जून

चि. भोंग्यास,
अ. उ. आ.

ऐकलं बाबा. मी मान हलवायला लागले तेव्हा तुझे आतोबा डॉक्टरांना बोलवायला निघाले होते.

‘गंजका नळ’ शेवटून पहिला. पत्र्यावर खिळे ओतलेत आणि वर तुम्ही दोघं भांडताय. त्याच्या वर ‘लिफ्ट बंद आहे’. दोन गाणी झकास, मग अकरा मिनिटं नुसतं दार करकरतंय. प्रयोग म्हणे! तेल घाला की कुणीतरी. दुसरा नंबर ‘अक्कलदाढ’. त्यातल्या शिव्या इतक्या ताज्या आहेत की दोन मी वहीत उतरवून घेतल्या.

आणि पहिला ‘एक खोली’. मेल्या, तू थांबायला कधी शिकलास? चार ओळी म्हणतोस, गप्प होतोस, मग समोरून उत्तर मिळाल्यासारखा पुढे बोलतोस. मी इस्त्री करत होते, हात तिथेच थांबला. आतोबांच्या शर्टाची बाही गेली.

जेवत जा वेळेवर, बाकी आशीर्वाद आहेतच.

आत्या

१७ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आतोबांना सांग, बाही कलेच्या कामी आली.

‘एक खोली’च्या वेळीच आमचं फाटलं. त्याच्या ओळींपुरता गप्प राहून मी माझा भाग म्हटला आणि निघून आलो. तो नंतर जाऊन म्हणून आला. या एकाच अल्बममध्ये मी हेडफोनच्या उजवीकडे, तो डावीकडे, अशी जोडणी कंपनीच्या माणसाने केली. रागाने मी तो अल्बम आजवर ऐकलेला नाही. आणि तुला त्यात दाढी आठवलासुद्धा नाही! मिळालं मला उत्तर. तीसला सही करतो.

माया आहेच, ती वाढव.

भोंगा

२२ जून

चि. भोंग्यास,
अ. उ. आ.

सही करू नकोस. घोळ मी घातलाय.

एक्स्चेंजमध्ये उजव्या कानावर गिऱ्हाईक असायचं, आणि डावा कान उघडा, मागून सुपरवायझरीण ओरडेल म्हणून. तुझा हेडफोनही मी तसाच लावला होता, डावी वाटी कानामागे सारून. नोकरी संपली, खोड काही गेली नाही. तुझं उजवं-डावं वाचलं आणि कपाळावर हात मारला. दाढी मला ऐकूच आला नव्हता रे!

आज दोन्ही कानांनी ऐकलं. नंबर तोच, पण तुझ्या ज्या गप्प बसण्यावर मी भाळले, तिथे दर वेळी तो बोलतोय. शेवटच्या गाण्यात तू मिनिटभर थांबतोस ना, तिथे तो यमकबिमक सोडून साध्या आवाजात म्हणतो की मी चुकलो, आता तू बोल. आणि तू मेल्या, गाणं संपवून टाकतोस. मला रडू आलं, हे आतोबांना कळवू नकोस.

कान तपासून घे, माझेही घेतेच.

आत्या

२९ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सही केली नाही. तुझं पत्र घेऊन दाढीकडे गेलो. दारातच पत्र त्याच्या हातात दिलं. शेवटच्या परिच्छेदाशी त्याने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला की पाचव्या अल्बमचे नंबर आत्यांनीच लावायचे, पण डोक्याला हेडफोन दोरीने बांधून.

त्याच्याकडे इअरफोनची जोडी एकच होती. दोघांनी एकेक कान वाटून घेतला आणि ‘एक खोली’ पहिल्यापासून लावला. डावा त्याने माझ्या कानात घातला.

आता दोघांवर लोभ कर.

तुझे,
भोंगा आणि दाढी