मेलेल्याचं हसायचं राहिलं

लुगांग, ४ सप्टेंबर १९८५

चि. त्सुंग-यी यास ताईचे अनेक आशीर्वाद, आणि कान धरून चार शब्द.

तुझी सिनेमाची मंडळी ताइपेईला परतली तेव्हापासून बाबा तापानं फणफणले आहेत. औषध लागू पडत नाही, पेज पोटात ठरत नाही. डॉक्टर बघू म्हणतात. आई सगळा दोष तुलाच देते. भुतं मोकळी सुटतात तो महिना चालू, म्हणून तुझा नट शवपेटीत झोपायला नाही म्हणाला, तेव्हा बाबाच निमूटपणे आत जाऊन आडवे झाले. घरचा उदबत्त्यांचा धंदा सोडून तू गेलास त्या दिवसापासून तुझ्याशी अवाक्षर न बोललेला माणूस तुझ्यासाठी मढं झाला. मेल्याचं सोंग घेणाऱ्यानं उठून त्याच कॅमेऱ्याकडे बघत हसायचं असतं, नाहीतर सोंग अंगाला चिकटतं. पण तुमच्या कॅमेऱ्यातली फिल्म संपली, दिवे विझले आणि बाबा तसेच उठून हात धुवायला गेले.

आई म्हणते, कॅमेरा घेऊन ये आणि राहिलेलं हसू काढ. तुला हा खुळेपणा वाटेल. पण बाबांचं बरंवाईट झालं तर तुझा शहाणपणा कुठे ठेवशील? लगेच ये.

चिडले तरी तुझीच,
शिउ-यून

ताइपेई, ७ सप्टेंबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. निर्मात्याकडे फिल्म मागितली. उरलेली रिळं शेवटच्या प्रसंगासाठी आहेत, म्हाताऱ्याच्या हसण्यासाठी नाहीत, म्हणाला. कॅमेरा तेवढा मिळाला. बुधवारी मी आणि कॅमेरामन आ-होंग तो रिकामाच घेऊन येतो. यंत्र फिरेल, आवाज होईल, आईचं समाधान होईल. कुणाला सांगू नकोस.

मला खरी भीती वेगळीच आहे. बाबा माझ्याकडे बघून हसतील कशाला? सिनेमातल्या बापलेकांचा समेट मी एका दुपारी उरकला. घरचा कसा करतात ते मला ठाऊक नाही.

रागवायला तरी तू आहेस, एवढा आधार पुरतो.
त्सुंग-यी

लुगांग, १४ सप्टेंबर

चि. त्सुंग-यी यास अनेक आशीर्वाद.

बुधवारी कॅमेरा सुरू झाला आणि बाबा नुसतेच बघत बसले, तेव्हा आईनं माझा दंड इतका आवळला की अजून काळानिळा आहे. तू कॅमेऱ्यामागून पुढे येऊन हळूच बाबा अशी हाक मारलीस, आणि ते हसले. त्यांना पुढचे दोन दात नाहीत हे मला त्या दिवशी कळलं.

ताप उतरला. आई म्हणते हसण्यानं, डॉक्टर म्हणतात नव्या गोळीनं. काल त्यांनी आपणहून शेवया मागितल्या. खाताखाता म्हणाले, त्याला सांग, पुढच्या खेपेला कॅमेऱ्यात फिल्म घालून आण. तुम्हाला कसं कळलं, मी विचारलं. मढं होऊन पडले होते तेव्हा डोळे किलकिले करून सगळं बघत होते म्हणे. फिल्म बदलायची तर आ-होंग काळ्या पिशवीत हात खुपसून आंधळ्यासारखा चाचपडायचा. परवा ती पिशवी आलीच नव्हती.

मग हसलात कशाला, मी विचारलं. पोरगा घरी आला होता, म्हणाले, आणि वाटी पुढे केली.

या खेपेस रिकाम्या हातानं आलास तरी चालेल, पण येत राहा.
तुझी ताई