जप्त मोळीवरचा चहा

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षे झाली आणि तुमचाच धडा आता मी शिकवते. आज फळ्यावर किनाऱ्यावरची वाळूची टेकडी काढली, तिच्यावर मर्यादवेल पसरवली आणि तुमच्याच क्रमाने सांगत गेले. वाळूत पाणी टिकत नाही, अन्नांश थोडे. म्हणून इथले प्रत्येक पान मोलाचे. ते ऊन पकडते, त्या ऊर्जेवर किडे जगतात, किड्यांवर सरडे, गळालेल्या पाचोळ्यावर बुरशी. मुळे वाळू धरून ठेवतात. हे आवरण गेले की वाळू सुटते, उरलीसुरली रोपे गाडते. मग ऊन तेवढेच पडते, पण ते धरून ठेवणारे कोणी उरत नाही. इतका सुंदर धडा, आणि तो शिकवताना दर वेळी माझा संताप होतो.

नव्वदच्या दशकातला हिवाळा आहे. सुरतेतल्या आपल्या मराठी शाळेची सहल डुमसच्या किनाऱ्यावर आली आहे. तुम्ही मूठभर वाळू बोटांमधून सोडत बोलता आहात आणि आम्ही भान हरपून ऐकतो आहोत. इतक्यात झुडपांमधून डोक्यावर काटक्यांची मोळी घेतलेली एक बाई येते. आमच्यासारखीच खानदेशातून आलेली, जवळच्या बांधकामावर मजुरी करणारी.

"बाई, तुमच्यामुळेच इथे वाळवंट होणार. ठेवा ती मोळी खाली."

"मास्तर, वलं नही तोडेल. सुकेल शे."

"सुकलेलंसुद्धा वाळू अडवतं."

"मंग रांधू कसावर? तुमनी वाळूवर?"

मुले हसली. तुम्ही हसला नाहीत; मोळी ठेवून घेतलीत आणि तिला रिकाम्या हाताने परत पाठवलेत. तेवढ्यात त्याच टेकडीची वाळू भरलेला ट्रक आला. "बाजूला व्हा रे, गाडीला वाट द्या," म्हणालात. चालकाने हात केला, तुम्हीही केलात. त्यानंतर तीन दगड मांडून त्याच काटक्यांवर आम्हा सर्वांसाठी पुदिना घातलेला चहा उकळलात.

शास्त्र तुमचे बरोबर होते, सर. सुकलेली फांदीही वाळू अडवते, कुजून पुन्हा मातीला काही देते. पण मग ती आमच्या चहाखाली का जळली? कित्येक वर्षांचे साठलेले ऊन एका आधणात संपले आणि जिची त्या दिवशीची भाकरी त्यावर होणार होती, ती अडाणी ठरली. वाळूबरोबर झुडपेही मुळांसकट घेऊन जाणाऱ्या ट्रकला तुमच्या धड्यात जागाच नव्हती. माझ्या धड्यात आहे; आवरण कोण नेते हे सांगताना पहिलीच.

दरवर्षी मी मुलांना त्याच किनाऱ्यावर नेते आणि चहासाठी घरून रॉकेलचा स्टोव्ह नेते. मुले थट्टा करतात, "मॅडम, इथे एवढी लाकडं पडलीत की." मग मी त्यांना मोळीची गोष्ट सांगते, ट्रकसकट, काहीही न वगळता. शेवटी कोणीतरी विचारतेच, "कोण होते ते सर?"

"होते एक," एवढेच म्हणते. तुमचे नाव अजून एकालाही सांगितलेले नाही.