होडीच्या ट्रेलरची दांडी

सांगली, रविवार

ती. गुणमाला अक्कास,
धाकट्या जिनपालचा वाकून जय जिनेंद्र. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? माझं बरं चाललंय (साखर थोडी वाढलीय, पण ती डॉक्टर सगळ्यांचीच वाढवतात).

तर मी एक होडी घेतली. छोटी फायबरची, मागे इंजिन, आणि ती ओढायला दोन चाकांचा ट्रेलर. मागच्या आठवड्यात मोटारीमागे जोडून तुला दाखवायलाच कराडला निघालो होतो. आष्टा सोडून जरा वेग घेतला, तसा ट्रेलर असा डावीउजवीकडे झुलायला लागला की आरशात कधी होडी दिसे, कधी ऊस. एक ट्रकवाला शेजारी येऊन शांतपणे म्हणाला, "आवं काका, होडी पाण्यात चालवायची असती." इस्लामपुरातून मी मुकाट परत फिरलो. तुझ्या हातची आमटी हुकली.

घरी आल्यावर लक्षात आलं. आपल्या आबांची बैलगाडी मागे जास्त भरली की उलाळ व्हायची, जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जायचं, आठवतंय? तेच हे. इंजिन मागे, पेट्रोल मागे, त्यामुळे मोटारीला अडकवायच्या दांडीवर भारच नाही. मग होडी पुढे सरकवली, वर तिच्या नाकाशी तांदळाचं पोतं ठेवलं (एकट्यानं ते संपतही नाही). तर मोटार मागून खाली बसली आणि तिचं तोंड आभाळाकडे. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा दांडीवर पडायला हवा म्हणे. तो मोजायला न्हाणीतला वजनकाटा आणला. पण दांडी सोडली की कलंडते, आणि धरून उभं राहिलं की खालचा आकडा दिसत नाही. म्हणजे दुसरं माणूस हवं. ते आणायचं कुठून? शेवटी दूध घालायला येणाऱ्या सुलाबाईंना थांबवलं. त्यांनी वाकून सांगितलं, लय झालं. होडी थोडी मागे घेतली. पण पुन्हा मोजायला सकाळच्या दुधाची वाट बघणं आलं. म्हणून मी संध्याकाळचंही दूध लावलं. सुलाबाई चहा घेऊन, चार गोष्टी सांगून जात. खरं म्हणजे भार बुधवारीच जमला होता. मी मात्र शनिवारपर्यंत मोजत राहिलो.

काल विश्रामबागेतून फेरी मारली. ट्रेलर मागे इतका सरळ येत होता की तो आहे ना, हे मी दोनदा थांबून पाहिलं.

तुझा,
जिनपाल

ता. क. आमच्या अतिशयला फोनवर यातलं काही सांगू नकोस. परदेशात बसून पोरगं उगाच घाबरतं.

आणखी ता. क. मला पोहता येत नाही, हे तुला माहीत आहेच.

शेवटचं. गेल्या पुरात बचाव पथकाची बोट दाराशी आली. त्यांनी विचारलं, "घरात माणसं किती?" तुझी भावजय चंदना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं, तरी माझ्या तोंडून गेलं, "दोन." मी बोटीत बसलो. ते बिचारे जिन्याकडे बघत थांबले, आणि त्यांच्याबरोबर मीही. पुन्हा तसं कुणी विचारू नये म्हणून ही होडी. पण होडीनं काही होत नाही, अक्का. तू पावसाळाभर इकडे राहायला ये. न्यायला मी येतो, होडी घरी ठेवून.