आईंच्या डोक्याची आग

४ मार्च

सौ. वहिनीस,
स. न. वि. वि.

सोबत तेलाची नवी बाटली पाठवते आहे. या खेपेला कापूर जरा सढळ हाताने घातलाय. दादा परवा ट्रक घेऊन इकडे आला होता. म्हणाला, आईचं डोकं अजून खाजतं, उशीवर कोंडा पडतो, कानामागे रक्तही येतं. माझा जीव कासावीस झाला. राग मानू नकोस, पण तेल रोज लागतं ना? तुझ्या शिवणकामाच्या धबडग्यात एखादा दिवस सुटत असेल. आई काही तोंडाने सांगायची नाही.

मी आलेच असते. पण छापखान्यात मुद्रितांचा ढीग साचलाय आणि तपासायला मी एकटी. डोळ्यांपुढे नुसती अक्षरं नाचतात. तुझ्या पत्रातल्या चुका मात्र काढणार नाही, तेवढी माया आहे. ती तूही राख.

तुझी,
वन्सं

१५ मार्च

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

तेल रोज लागतं. एक दिवस सुटलेला नाही, आणि दुखणं तिथेच आहे. आईंना त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, आईंची टाळू फार नाजूक झाली आहे. तेलामुळे कोंडा वाढतो आणि खाजवून सोललेल्या जागी कापूर झोंबतो. तेल पूर्ण बंद. आठवड्यातून दोनदा औषधी शाम्पू पाच मिनिटं ठेवायचा, कोमट पाण्याने नीट धुवायचा, नखं बारीक कापायची.

पण आई ऐकतील तर ना! बाटली उशाशी घेऊन बसतात. मी उचलून ठेवली तर दिवसभर अबोला. वन्सं, मी थकले आहे. त्यांना धरून बसवायचं, समजूत घालायची, मग गणवेशांचा ढीग उपसायचा. काल एक बाही उलटी जोडली आणि उसवताना रडूच आलं. तुमच्या प्रेमाला मी नावं ठेवत नाही. फक्त तेल थांबवा, एवढ्या दोन ओळी आईंना लिहा. माझं त्या ऐकायच्या नाहीत.

राग आला तरी पत्र पाठवायला विसरू नका.

तुमची,
वहिनी

२४ मार्च

सौ. वहिनीस,
स. न. वि. वि.

खोटं कशाला बोलू, राग आला. चार दिवस पत्र पर्समध्येच होतं. मग पुन्हा वाचलं, तेव्हा त्या उलट्या बाहीपाशी अडकले. मी बाटल्या पाठवत राहिले आणि तुला मात्र जाब विचारला.

दोन ओळी लिहिणार नाही. रविवारी मीच येते, पाच दिवसांची रजा काढून. मालकांनी तोंड वाकडं केलं, करू देत. डोकं कसं धुवायचं ते एकदा दाखव आणि मग तू झोप. दादा सांगत होता, तू उभ्या उभ्या पेंगतेस.

भेटीत सांभाळून घे.

तुझी,
वन्सं

६ एप्रिल

सौ. वहिनीस,
स. न. वि. वि.

सुखरूप पोचले. आल्या आल्या कामाला जुंपले गेले. एक गोष्ट तिथे बोलता आली नाही, ती लिहिते.

बुधवारी तू आत गाढ झोपली होतीस. मी आईच्या डोळ्यांवर टॉवेल ठेवून डोकं धूत होते. तू शिकवलंस तसं, नखं न लावता, बोटांच्या पेरांनी. तिला वाटलं, तूच आहेस. हळूच म्हणाली, आता किती बरं वाटतंय गं, त्या तेलाने नुसती आग व्हायची. पण पोरीला कळू देऊ नकोस, दिवसभर डोळे फोडून येते आणि माझ्यासाठी तेल कढवत बसते. आणि मग म्हणाली, तुझ्यावर मी रुसते ते मनाला लावून घेऊ नकोस, रुसायला जवळ तूच तर आहेस.

बोलले असते तर तिने आवाज ओळखला असता. मी नुसतं हं म्हटलं आणि कोमट पाणी ओतत राहिले.

तिचं ते बोलणं तुझ्यासाठी होतं, म्हणून तुझ्याकडे पोचवलं. दर महिन्याला दोन दिवस मी येणार, मालकांना सांगून टाकलंय. तोवर दुपारी तासभर मशीन बंद ठेवून पडत जा.

तुझीच,
वन्सं